अतिदक्षता विभागात रुग्ण असताना कुटुंबाने काय करावे

रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले की औषधे सिस्टर देणार, निर्णय डॉक्टर घेणार आणि आपण बाहेरच्या खुर्च्यांवर बसून राहायचे, असे नातेवाईक धरून चालतात. परंतु हा माणूस आजारापूर्वी कसा होता, कोणत्या गोळ्या घेत होता, काय सोसायला तयार होता आणि कशाला नको म्हणत होता, हे त्या विभागात फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. ही माहिती योग्य वेळी डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे कुटुंबाचे पहिले काम आहे.

पहिल्याच दिवशी चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि ॲलर्जीची माहिती द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि घरगुती काढेसुद्धा सांगावेत. दारूची सवय असल्यास ती संकोच न करता सांगावी. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, प्रसंगी आकडीही येते, आणि कारण ठाऊक नसेल तर डॉक्टर ते भलत्याच आजारात शोधत राहतात. अब्रूसाठी लपवलेली ही गोष्ट रुग्णाला महागात पडते.

डॉक्टरांशी बोलण्यासाठी एकच व्यक्ती ठरवावी आणि तिचा नंबर फाइलवर लिहून द्यावा. सकाळी मुलगा, दुपारी जावई आणि रात्री परदेशातून फोन करणारा भाऊ तेच प्रश्न विचारतो, तेव्हा प्रत्येकाला थोडे वेगळे उत्तर मिळते आणि त्यातून घरातच संशय सुरू होतो. ही व्यक्ती वयाने मोठी असण्यापेक्षा रुग्णाची रोजची काळजी घेणारी असावी, असे माझे मत आहे. काकांचा मान राखला जातो आणि सगळे पथ्यपाणी सांभाळणारी सून मात्र बोलण्याच्या वेळी मागे उभी राहते, हे चित्र आपल्याकडे फार दिसते. इतर नातलगांना संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवला की फोन निम्म्याने कमी होतात.

बहुतेक ठिकाणी राउंडनंतर डॉक्टर नातेवाइकांना भेटतात. त्या वेळी ‘वाचण्याची शक्यता किती टक्के’ या प्रश्नाला बहुधा मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी कालच्यापेक्षा आज यंत्रांचा आणि औषधांचा आधार वाढला की कमी झाला, हे विचारावे. साध्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटरवर काल 80 टक्के लागत होता आणि आज 40 टक्क्यांवर भागते आहे, तर रुग्ण डोळे उघडत नसला तरी फुप्फुसे सुधारत आहेत. रक्तदाब टिकवण्याचे औषध किती लागते आहे, लघवी किती होते आहे आणि पुढच्या 48 तासांत काय घडले तर सुधारणा म्हणता येईल, हेही विचारून वहीत लिहून ठेवावे. मॉनिटरकडे टक लावून बसू नये. बोटावरची क्लिप सरकली तरी तो वाजू लागतो.

भेटीच्या वेळी आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करावेत, आणि सर्दी-खोकला असलेल्याने जाऊच नये. श्रद्धेने आणलेला अंगारा सिस्टरना विचारून उशाशी ठेवता येतो, पण तीर्थाचा एक थेंबही तोंडात घालू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तो उतरू शकतो. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्यामुळे शुद्धीतल्या रुग्णालाही आवाज काढता येत नाही. म्हणून मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत किंवा मोठ्या अक्षरांतली वर्णमाला समोर धरावी. रुग्ण बेशुद्ध दिसला तरी त्याच्याशी नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या हाकेने बोलावे, आणि त्याच्या देखत बिलाची किंवा वाटणीची चर्चा करू नये.

अतिदक्षता विभागात अनेकांना भ्रम होतो. सुस्वभावी आजोबा सिस्टरवर ओरडतात, नळ्या ओढतात, भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात. हे वेड नव्हे आणि स्वभावही नव्हे. आजार, औषधे आणि दिवस-रात्र न कळणारा तो उजेड यांचा हा परिणाम असतो. वाद न घालता आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, घरी कोण आहे हे शांतपणे सांगावे, आणि चष्मा व श्रवणयंत्र परवानगीने आणून द्यावे. भ्रमाचा दुसरा प्रकार गप्प असतो. रुग्ण निपचित पडून राहतो आणि सगळ्यांना तो शांत झाल्यासारखा वाटतो. हा बदल आधी घरच्यांच्याच लक्षात येतो, म्हणून तो लगेच सांगावा.

खर्चाचे बोलणे लांबणीवर टाकू नये. दररोजचा अंदाजे खर्च पहिल्याच दिवशी विचारावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी आणि पूर्वमंजुरीनेच मिळत असल्याने आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, लगेच भेटावे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक कागदपत्रांसाठी मदत करतात.

सर्वांत अवघड वेळ येते ती उपचार चालू असूनही शरीर साथ देत नाही तेव्हा. अशा वेळी ‘आम्हाला काय हवे’ यापेक्षा ‘त्यांना काय हवे असते’ हा प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून विचारावा. शंका असल्यास डॉक्टरांना मुदतीचा प्रयत्न सुचवता येतो, म्हणजे अमुक दिवस सर्व उपचार करायचे आणि ठरलेली सुधारणा न दिसल्यास पुन्हा बसायचे. स्वतः सांगता येणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. असे पत्र नसले तरी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे आणि जवळच्या नातेवाइकांची संमती या मार्गाने निष्फळ उपचार थांबवता येतात. घाईने सही करून ‘घरी नेतो’ म्हणणाऱ्या कुटुंबांना वाटेतच रुग्णाची घुसमट पाहावी लागते. घरी न्यायचेच असेल तर धाप आणि वेदनेवरची औषधे, ऑक्सिजन आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांशी आधी ठरवावे.

बाहेर थांबणाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात आणि स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नयेत. मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ असे न सांगता त्यांच्या वयाला पेलेल इतके खरे सांगावे.

रुग्ण वॉर्डात आला की संकट टळले असे वाटते, पण अशक्तपणा, विसरभोळेपणा आणि वाईट स्वप्ने पुढे कित्येक महिने राहू शकतात, आणि काळजी घेणाऱ्यालाही झोप न लागणे किंवा सतत धास्ती वाटणे असा त्रास होतो. घरी सोडण्यापूर्वी नळीतून अन्न देणे, कूस बदलणे आणि पाठीवरच्या जखमा तपासणे हे सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहावे, फिजिओथेरपीचे व्यायाम लिहून घ्यावेत, आणि उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती लेखी मागाव्यात. मागणी केल्यापासून 72 तासांत या प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.