आम्हा दोघांची दोन मृत्युपत्रं

दारव्हा तालुक्यात आमचं वावर. ह्यांनी कमाईतून घेतलेलं ४ एकर, आणि वडिलांच्या माघारी माझ्या नावावर चढलेलं २ एकर. मूलबाळ नाही. मी गेले तर माझं सगळं ह्यांचंच, असं मी धरून चालले होते.

सातबारा घेऊन वकिलांकडे गेले, तेव्हा कळलं की तसं नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५: बाईनं मृत्युपत्र केलं नसेल आणि मूलही नसेल, तर आईबापाकडून वारशानं आलेली मालमत्ता बापाच्या वारसांकडे जाते. नवऱ्याला त्यात काहीच नाही. त्या वावराचा प्रत्येक धुरा ह्यांनी बांधलाय, २५ वर्षं तिथं कपाशी-तूर पिकवली. मला रात्रभर झोप लागली नाही. ह्यांच्या ४ एकराचं वेगळंच. हे मृत्युपत्र न करता गेले, तर त्यात मी आणि सासूबाई सारख्या वाटेकरी.

मग दोघांनी आपापलं वेगळं मृत्युपत्र केलं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. गट नंबर सातबाऱ्यावरून तपासून लिहिले. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घेतली.

अवघड होतं ते सासूबाईंना सांगणं. ह्यांनीच सांगितलं, "आई, तू आहेस तोवर निम्मं पीक तुझं, तसं लिहिलंय." त्या म्हणाल्या, "वाचून दाखव बाप्पा." दोनदा वाचून दाखवलं.

माझ्या २ एकरांत ह्यांच्यानंतर भावाच्या मुलीचं नाव आहे.