नेते लढत नाहीत म्हणून वैतागलेल्या काँग्रेस कार्यकर्त्याने आता काय करायचं

2024 ला लोकसभेत महाराष्ट्रातून 13 खासदार, राज्यात एक नंबरचा पक्ष, आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला 288 पैकी फक्त 16. हरणं एकवेळ समजू शकतो पण 23 नोव्हेंबरच्या निकालानंतर जो सन्नाटा पसरला तो नाही सहन होत. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर मस्साजोग ते बीड सद्भावना यात्रा काढली ते चांगलंच केलं, पण अशी एखादी यात्रा झाली की पुन्हा महिनोनमहिने पत्रकार परिषदा आणि ट्विट. राग येतोय तर येऊ द्या, फक्त तो व्हॉट्सॅप ग्रुपवर वाया घालवू नका, वरून आदेश यायची वाट न बघता तुमच्या गावात जे करता येतं ते करा.

सगळ्यात आधी मतदार यादी. तेव्हाचे आपले प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत 208 मतांनी निवडून आले, म्हणजे बूथमागे एक मत सुद्धा नाही, एवढ्यावर आमदारकी वाचते किंवा जाते. आपल्या बूथवर पक्षाचा बीएलए (बूथ लेव्हल एजंट, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा पक्षाचा माणूस) नेमलाय का हे तालुकाध्यक्षांना विचारा, नसेल तर तुम्हीच व्हा, त्यासाठी त्याच बूथच्या यादीत, तिथलं कोणी मिळत नसेल तर त्याच विधानसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव पाहिजे आणि पक्षाचं नेमणूक पत्र पाहिजे. मग यादी घेऊन घरोघर फिरायचं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांचा फॉर्म 6, मयत किंवा कायमचे गाव सोडून गेलेल्यांसाठी फॉर्म 7, पत्ता किंवा नावातली चूक असेल तर फॉर्म 8. फॉर्म 7 खात्री केल्याशिवाय भरू नका, खोटी माहिती देणं गुन्हा आहे आणि कुणाचा हक्क काढून घेणं आपल्याला शोभतही नाही. पालिकेला प्रभागनिहाय, झेडपीला गटनिहाय प्रारूप यादी येते, त्यात गल्लीच्या गल्ली दुसऱ्या प्रभागात किंवा गटात टाकलेली असते, हरकतीची मुदत थोडी असते म्हणून यादी लागली त्याच दिवशी बसून तपासा आणि हरकतीची पोच घ्या.

विधानसभा-लोकसभेच्या मतदानादिवशी पोलिंग एजंट हवाच, तोही मतदानाच्या दीड तास आधी, कारण मॉक पोल (मशीन तपासायचं चाचणी मतदान) तेव्हा होतो. संध्याकाळी दमलो म्हणून निघून जायचं नाही!! केंद्राध्यक्षांच्या सहीची फॉर्म 17सी ची (बूथवर किती मतं नोंदली गेली त्याच्या हिशोबाची) प्रत घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. ही प्रत मतमोजणीला आपल्या माणसाच्या हातात पाहिजे, मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचा एकूण आकडा तिच्याशी जुळवायचा, फरक दिसला तर तिथल्या तिथे लेखी हरकत. नंतर मतचोरी म्हणून ओरडताना हाच कागद कामी येतो, कोर्टात निवडणूक याचिकेला निकालापासून 45 दिवसच मिळतात आणि तोवर कागद गोळा करत बसलात तर वेळ गेलेली असते.

आता लोकांचा प्रश्न, इथे पक्ष सगळ्यात जास्त कमी पडला असं माझं ठाम मत आहे. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, बाजार समितीत शेतकरी त्याच्या कितीतरी खाली विकत होता, खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवत होते, मग बारदाना (माल भरायची पोती) संपला. एवढा मोठा विषय हातात असताना आपण काय केलं, तर तहसीलदारांना निवेदन दिलं आणि फोटो काढला. असं नका करू. निवेदन द्या पण त्यावर आवक-जावकचा नंबर घ्या, उत्तरासाठी तारीख लिहून द्या, सोबत शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) जोडा म्हणजे कमी भावाचा पुरावा होतो. तारीख उलटली की माहिती अधिकारात विचारा काय कारवाई केली, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेवढ्यात पोलीस स्टेशनला लेखी कळवून केंद्रासमोर धरणं धरा, ज्यांचा माल परत गेलाय त्यांनाच पुढे बसवा, भाषणं त्यांनीच करायची, आपल्या पदाधिकाऱ्यांनी मागे बसायचं. स्थानिक पत्रकारांना पट्ट्यांच्या झेरॉक्स द्या, नुसती प्रेसनोट नको.

आणि जिल्ह्याच्या बैठकीत जाताना हे सगळं सोबत न्या, किती फॉर्म भरले, कुठल्या बूथला एजंट नव्हता, कुठलं निवेदन पडून आहे. पुढचं तिकीट ज्याला हवंय त्याला सगळ्यांसमोर विचारा की तुझ्या बूथची यादी कुठाय.