आरपीजीत जग किती हवं? या चुका टाळा

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र रंगवत खेळायचा खेळ, लिहायला घेतलेले बरेच जण आधी त्यातल्या काल्पनिक जगाचा इतिहास सांगत सुटतात. देवांची भांडणं, राजघराण्यांच्या वंशावळी, हजार वर्षांपूर्वीचं महायुद्ध. नियम कुठेतरी त्यानंतर. खेळ चालवणारा गेम मास्टर ही पानं नुसती चाळतो, खेळाडू तेवढंही करत नाहीत.

या पानांचं सेशनमध्ये करायचं काय, हे लेखकाने स्वतःला विचारलेलंच नसतं. "शंभर वर्षांपूर्वी उत्तरेचं राज्य फुटलं" एवढ्यावर गेम मास्टरला काही उभं करता येत नाही. त्याऐवजी लिहा: गादीवरून भांडणाऱ्या दोन घराण्यांनी पुलाच्या दोन टोकांना आपापला जकातनाका टाकलाय आणि एकाची पावती दुसरा मानत नाही. आता खोटा शिक्का बनवायचा, दोघांत लावून द्यायचं की रात्री नदी पोहून जायची, ते खेळाडू बघतील. इतिहास तोच, फक्त आजच्या भांडणात उतरलेला.

काही जण मग दुसरं टोक गाठतात. "जग तुमचं तुम्ही घडवा" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दाखला देतात 1977 च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळप्रवासाच्या आरपीजीचा, कारण त्याच्या पहिल्या पुस्तिकांत तयार साम्राज्याचा तपशील नव्हता. खरं आहे. पण यानाच्या एका जंपला (ताऱ्यांमधल्या उडीला) साधारण आठवडा लागतो आणि बातमी यानापेक्षा वेगाने जात नाही, या दोन नियमांत ते जग अर्धंअधिक आलं. सरहद्दीवरचं बंड राजधानीला कळेपर्यंत निकालात निघालेलं असतं. दूरवरच्या कप्तानाला जाब विचारणारं कोणी नसतं. कोरं जग द्यायचंच असेल तर सोबत प्रश्न तरी द्या. 2010 चा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा आरपीजी खेळाडूंना प्रश्न विचारत, त्यांच्या उत्तरांवरच जग रचतो.

सगळ्यात महागात पडतं ते नियमांचं आणि जगाचं न पटणं. प्रस्तावनेत जादू दुर्मिळ, लोक जादूगारांना जाळतात. आणि पुढे निम्मे क्लास (पात्रांचे प्रकार) मंत्र टाकणारे, सामानाच्या यादीत जखम भरणारं जादूई औषध दोरखंडाच्या शेजारी! प्रस्तावना कोणाच्या लक्षात राहत नाही, सामानाची यादी मात्र पाठ असते. तेव्हा जग आधी तिथेच पेरा: क्लास, शस्त्रं, किमती, मंत्रांची नावं.

खेळाडू सारखं "या जगात हे चालतं का?" विचारतायत आणि गेम मास्टर दर वेळी पुस्तक उघडतोय? तपशील जास्त झालाय. काही गावं, एखादा पंथ नावापुरताच ठेवा. याउलट गेम मास्टरच "आता पुढे काय?" म्हणून अडत असेल, तर त्या ठिकाणी कोणाला काय हवंय आणि आड कोण येतंय, एवढं दोन ओळींत लिहून द्या.

आणि निवडून एखादाच तपशील असा घाला की खेळच बदलेल. 'ब्लेड्स इन द डार्क' या चोरांच्या टोळीच्या आरपीजीतल्या डोस्कव्होल शहराभोवती विजेचं कुंपण आहे, बाहेर भुतं. त्यामुळे डल्ला मारून शहराबाहेर सटकणं सोपं नाही, आणि ज्या टोळीशी वैर घेतलं तिच्याच शेजारी राहावं लागतं.