मृगाआधीचे खत: मिक्सर किती वेळ फिरवायचा?

मे उजाडला की शेतकरी गटांचे काँक्रीट मिक्सर खतासाठी फिरू लागतात. चाळलेले शेणखत किंवा प्रेसमड (साखर कारखान्याची मळी), निंबोळी पेंड, रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) आणि जिवाणू खते एकत्र करून मृगाआधी पोती भरायची असतात. वजने सगळे काटेकोर घेतात, पण मिक्सरची वेळ अंदाजाने ठरते आणि खत तिथेच बिघडते.

आमच्या गटाने पहिल्या वर्षी घाईत दोन-दोन मिनिटांत खेपा ओतल्या. काही पोत्यांत रॉक फॉस्फेटचे थर, तर काहींत नुसते शेणखत निघाले. दुसऱ्या वर्षी उलटी चूक झाली. अर्धा-अर्धा तास मिक्सर फिरवला, ओल्या मालाचे लिंबाएवढे गोळे वळले. कोरडा माल जास्त फिरवला तर जड, बारीक भुकटी तळाला जाते आणि मिसळलेले पुन्हा वेगळे होते. शिवाय मेच्या उन्हात लांबलेली खेप वाळते. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, यांना ते सोसत नाही.

म्हणून आपल्या मिक्सरची वेळ आपणच काढावी. 100 किलोच्या खेपेत अर्धा किलो ज्वारी घाला. ज्वारी आधी भाजून घ्या, नाहीतर ती शेतात उगवेल. गेरू लावला की दाणे चटकन दिसतात. एक खेप 3 मिनिटे, दुसरी 5, तिसरी 8 मिनिटे फिरवा. माल ओतताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोचे पाच नमुने घेऊन दाणे मोजा. एका नमुन्यात 30 आणि दुसऱ्यात 140 दाणे आले तर माल मिसळलेला नाही. थोडाफार फरक राहणारच. ज्या वेळेनंतर तो आणखी कमी होत नाही, ती तुमची वेळ.

घड्याळ शेवटचा घटक पडल्यावर लावा. आधी शेणखत, मग पेंड आणि रॉक फॉस्फेट, शेवटी पाण्याचा हलका फवारा. टनाला किलोभर लागणारे जिवाणू खत थेट टाकू नका. आधी 10-20 किलो चाळलेल्या खतात हाताने मिसळा आणि ते प्रत्येक खेपेला वाटून द्या. ड्रम निम्म्याहून जास्त भरला तर माल उलटत नाही, नुसता सरकतो. मग वेळ वाढवूनही उपयोग नसतो.

ओल मुठीत पाहा. दाबल्यावर गोळा व्हावा, बोटाने टिचकी मारताच फुटावा आणि हाताला पाणी लागू नये. विक्रीचे सेंद्रिय खत असेल तर खत नियंत्रण आदेशानुसार ओलावा 25 टक्क्यांपर्यंतच चालतो. फिरवताना नाकाला झोंबणारा वास आला तर अमोनिया, म्हणजे आपला नत्र, उडून चालला आहे. शेणखत किंवा कोंबडीखत कच्चे असते, किंवा कुणीतरी चुना वा राख मिसळलेली असते. अशी खेप थांबवा आणि कच्चा माल पुन्हा कुजायला घाला.

मिनिटांपेक्षा फेरे मोजणे मला जास्त भरवशाचे वाटते. पट्टा सैल झाला किंवा डिझेल इंजिन मंदावले की त्याच 5 मिनिटांत फेरे कमी होतात. ड्रमवर रंगाची खूण करा आणि मिनिटाचे फेरे मोजा. फेरे 20 असतील तर 5 मिनिटांचे 100 झाले. हा आकडा मिक्सरजवळ भिंतीवर लिहून ठेवा. पाती झिजली, पेंड बदलली किंवा दुसऱ्या कारखान्याचा प्रेसमड आला की ज्वारीची चाचणी पुन्हा करा. काम सकाळी दहाच्या आत किंवा सावलीत उरका. ड्रममध्ये हात घालण्याआधी वीज किंवा इंजिन बंद करा आणि पट्ट्याजवळ ओढणी, पदर किंवा सैल बाही येऊ देऊ नका.