भंगारातला जॅक आणि लाकूड फोडायचं मशीन: या चुका टाळा

जेसीबीचा जुना हायड्रॉलिक जॅक (तेलाच्या दाबानं दांडा पुढं-मागं करणारी नळी) भंगारात स्वस्तात हाती लागला, की ट्रॅक्टरवर चालणारं लाकूड फोडायचं मशीन डोक्यात घोळायला लागतं. बहुतेक मशीनं तिथंच बिघडतात. जॅक आधी येतो आणि बीम, पाचर, पाइप मग त्याच्या मापानं जुळवले जातात. मोजायला सुरुवात करावी ती ओंडक्यापासून. वाळलेल्या बाभळीचे दीड-दोन फुटी ओंडके फोडायचे असतील, तर माझ्या मते १२ ते १५ टन जोर पुष्कळ झाला. गाठ आलीच तर ओंडका फिरवून कडेनं ढलप्या काढायच्या.

टिपिंग ट्रॉलीचा जॅक तर घेऊच नका. तो बहुतेक वेळा एकेरी असतो. तेल त्याला वर ढकलतं, आणि खाली आणतं ते ट्रॉलीचं वजन. आडवा बसवला की पुढं गेलेला दांडा मागं येत नाही. तेलाची दोन तोंडं असलेला दुहेरी जॅकच लागतो.

आता जोराचं गणित. १०० मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. १५० बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाबाला साधारण १२ टन जोर मिळतो. मिनिटाला २० लिटर तेल मिळालं, तर दोन फुटांची फेरी १४ सेकंदांत पुढं जाते. जास्त टनांच्या मोहानं १२५ मिलिमीटर बोअरचा जॅक लावला, की त्याच तेलावर तीच फेरी २२ सेकंदांवर जाते. दिवसभर ओंडके लावणाऱ्याला ते आठ सेकंद फार जाणवतात. ट्रॅक्टरऐवजी मोटर लावणाऱ्यांची चूक उलटी असते. २० लिटरचा पंप १५० बारला चालवायला ८ एचपीच्या आसपास ताकद लागते, आणि जोडलेली असते ३ एचपीची मोटर. पाचर लाकडात शिरली की मोटर बसते. तिथं दोन टप्प्यांचा पंप घ्यावा. तो मोकळा असताना भरपूर तेल देतो आणि अडल्यावर थोडं तेल जास्त दाबानं देतो.

सर्वांत महागात पडते ती बीमची चूक. जॅकचा जोर बीमच्या मध्यातून जात नाही, वरून जातो. जॅकचा मध्य बीमच्या माथ्यापासून १२ सेंटिमीटर उंच असेल, तर १५० मिलिमीटर उंचीच्या आय-बीमवर (इंग्रजी I आकाराच्या लोखंडी तुळईवर) १२ टन जवळपास २० सेंटिमीटरच्या तरफेनं वाकवायला बसतात. साधं लोखंड कायमचं वाकायची हद्द २५० मेगापास्कल (ताणाचं माप) धरली, तर नुसतं वाकणंच त्या हद्दीला टेकतं. वर सरळ जोराचा आणखी ६० मेगापास्कल ताण. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. पुढं बीम धनुष्यासारखा होतो, पाचर तिरकी बसते आणि जॅकचा दांडा वाकतो. २०० चा बीम घ्या, आणि पाचरीच्या मागं दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या भरून वेल्ड करा.

पाचरीसाठी ट्रकचा कमानपाटा वापरायची पद्धत आहे. पाटा कडक असतो हे खरं, पण त्यात कार्बन जास्त असल्यानं न तापवता वेल्ड केला तर वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि तिथला तुकडा भर जोरात उडतो. साधी २५ मिलिमीटरची प्लेट घेऊन धारेवर हार्डफेसिंगचा (वेल्डिंगनं चढवायच्या कडक धातूचा) थर चढवलेला बरा. जॅकच्या नळीवर थेट वेल्ड करू नका. बोअर वाकडा होतो, सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) जळतात. जॅक मागं आणि पुढं पिनवरच बसवा. वेल्डिंगची अर्थिंगही जॅकला लावू नका. करंट दांड्यातून गेला, तर दांड्यावरच्या क्रोमच्या मुलाम्यावर खड्डे पडतात आणि प्रत्येक फेरीत सील कापत राहतात.

तेलाच्या वाटेकडे फारसं कुणी पाहत नाही. पंप खडखडतो किंवा किंचाळतो, तेव्हा त्याला तेल पुरत नसतं. मिनिटाला २० लिटर ओढणाऱ्या पंपाला सक्शनचा (टाकीतून तेल ओढायचा) पाइप एक इंची हवा, तोही आत तार असलेला, नाहीतर तो चिमटतो. तेल दुधाळ दिसलं तर हवा किंवा पाणी शिरलंय. सक्शनचे जोड पाहा, आणि टाकीत परतणारा पाइप तेलाखाली बुडलेला आहे ना, हेही पाहा. दांडा मागं येताना परत जाणारं तेल पंपाच्या तेलापेक्षा जास्त असतं. १०० च्या बोअरमधल्या ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला २० लिटर दिले, की २६-२७ लिटर परततात. तो पाइप बारीक ठेवला तर तेल तापतं.

जॅक ताकद सोडत असेल, तर दांडा पूर्ण बाहेर काढा, ट्रॅक्टर बंद करून दाब सोडा, दांड्याकडचा पाइप सोडून त्या पाइपाचं तोंड बंद करा आणि मागून पुन्हा दाब द्या. जॅकच्या उघड्या तोंडातून तेल येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलंय. तिथं काही येत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणारी झडप) किंवा पंप तपासा.

अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. म्हणून भंगारातला जॅक आधी उघडून धुवा, नाहीतर त्यातला गंज थेट गिअरबॉक्समध्ये जातो. पहिल्यांदा तेल भरल्यावर ट्रॅक्टरची तेलपातळीही पुन्हा पाहा. दांड्याकडची क्विक कपलिंग (पाइप झटकन जोडायचा जोड) अर्धवट बसून तेलाची वाट बंद असेल आणि तुम्ही दांडा पुढं सोडलात, तर तिथं अडकलेल्या तेलाचा दाब १५० वरून २०० बारला जातो, आणि रिलीफ व्हॉल्व्हला त्याचा पत्ताही लागत नाही.

गळती हातानं चाचपू नका. सुईच्या छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा फिरवून गळती शोधा. तेल आत गेल्याची नुसती शंका आली, तरी त्याच तासाला शल्यविशारदाकडं जा आणि हायड्रॉलिक तेल शिरलंय हे स्पष्ट सांगा.

लिव्हरवर एक माणूस आणि ओंडका धरायला दुसरा, ही पद्धत पूर्ण बंद करा. बोटं याच कामात जातात. जो ओंडका लावतो, त्यानंच लिव्हर ओढायची. हात सोडला की लिव्हर आपोआप मधे, म्हणजे दांडा थांबतो त्या जागी, आली पाहिजे. मागं येण्याच्या बाजूला अडकणारी खाच चालेल, पुढं जाण्याच्या बाजूला ती कधीच ठेवू नका.