या चुका टाळा: महाडीबीटीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करूनही शिष्यवृत्ती का मिळाली नाही, असं विचारलं की बहुतेक मुलं एकच सांगतात: "फॉर्म भरला होता, पैसेच आले नाहीत." पात्रता असते, दाखलेही असतात. अर्ज मात्र मधल्याच कुठल्यातरी लॉगिनला पडून राहतो, आणि तो तिथे आहे हे कोणी बघितलेलंच नसतं. ज्या घरात फीचा पहिला हप्तासुद्धा उसनवारीने भरलेला असतो, तिथे हे नुकसान फार मोठं असतं. आणि यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

आधी अर्जाचा प्रवास समजून घ्या. तुम्ही 'सबमिट' केल्यावर अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याकडे. मंजुरी मिळाली आणि निधी आला की रक्कम आधारच्या आधारे बँकेत जमा होते. यातला प्रत्येक टप्पा हा अडकण्याची जागा आहे.

पावती मिळाली म्हणजे काम झालं, असं समजणं

सर्वात जास्त अर्ज इथेच मरतात. क्लार्कने अर्ज उघडला, उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट दिसला, त्याने शेरा मारून अर्ज परत पाठवला. पोर्टलवर 'सेंड बॅक' दिसतं, पण तुम्ही लॉगिनच करत नाही. मुदत संपते. मार्चमध्ये मित्राच्या खात्यात पैसे आले की मग धावपळ सुरू होते.

अर्ज भरल्यावर किमान आठवड्यातून एकदा लॉगिन करा आणि अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते पाहा. बरेच दिवस कॉलेजच्याच पातळीवर दिसत असेल, तर अर्जाचा क्रमांक घेऊन सरळ स्कॉलरशिप विभागात जा. अनेक कॉलेजांत ऑनलाइन अर्जाची छापील प्रत आणि दाखल्यांच्या झेरॉक्स दिल्याशिवाय क्लार्क अर्ज पुढे सरकवत नाही. ही प्रत दिली नाही म्हणून थांबलेले अर्ज खूप असतात. परत आलेला अर्ज दुरुस्त केल्यावर पुन्हा सबमिट करायचा असतो. नुसता दाखला बदलून बाहेर पडलात तर अर्ज तुमच्याकडेच राहतो.

बँक खातं: 'लिंक आहे' यावर विश्वास ठेवू नका

हा मुद्दा नीट वाचा, कारण मंजूर झालेले पैसेसुद्धा इथे अडतात.

बँकेत विचारलं की आधार लिंक आहे का, तर "हो, आहे" असं उत्तर येतं. पण केवायसीसाठी, म्हणजे बँकेला ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग वेगळं. सीडिंग म्हणजे तुमचा आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत त्या बँकेच्या नावापुढे असणं. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, आणि सरकारी रक्कम त्याच बँकेत जाते. ज्या खात्याचं पासबुक तुम्ही जपून ठेवलंय, तिथे ती येईलच असं नाही.

म्हणूनच "पैसे आले नाहीत" म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे प्रत्यक्षात आलेले असतात, फक्त भलत्या खात्यात. सिमकार्ड घेताना किंवा कुठल्यातरी ॲपवर खातं उघडताना डीबीटीच्या संमतीवर टिक झालेली असते आणि सीडिंग तिकडे सरकलेलं असतं.

आधारच्या अधिकृत वेबसाइटवर, यूआयडीएआयच्या, 'बँक सीडिंग स्टेटस' ही सोय आहे. आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलेली आहे आणि ती जोडणी चालू आहे की नाही, ते दिसतं. नको ती बँक दिसली, तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. बँकेतले तोंडी म्हणाले म्हणून सोडून देऊ नका.

शाळेत असताना काढलेलं खातं असेल, तर आणखी एक गोष्ट बघायची. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करावी लागते. आणि कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल, तर त्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात १ लाखाहून अधिक जमाही होत नाही. इंजिनिअरिंगच्या फीची रक्कम अशा खात्यात अडू शकते. अर्ज भरायच्या आधीच पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

दाखले: तारीख आणि नाव

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच लागतो. वडिलांचा पगाराचा कागद किंवा रेशनकार्ड चालत नाही. दाखल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आहे आणि तो कधीपर्यंत वैध आहे, हे सेतू केंद्रातून बाहेर पडायच्या आधी तिथेच वाचा. नॉन-क्रिमीलेअरचंही तसंच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि मुदत संपलेला दाखला जोडला की अर्ज परत येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून बारावीत असतानाच जात पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल करावं. निकालानंतर पळापळ करून ते हातात पडत नाही.

नावांचा घोळ तर घराघरात आहे. आधारवर वडिलांचं नाव 'बाळू', दहावीच्या मार्कलिस्टवर 'बाळासाहेब', जातीच्या दाखल्यावर तिसरंच. पोर्टलवर नाव आधारवरून येतं, त्यामुळे आधार दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे करून घ्या. ते काम मे महिन्यात करा. प्रवेशाच्या दिवसांत आधार केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते.

फाइल अपलोड होत नसेल तर बहुतेक वेळा दोष आकाराचा असतो. महाडीबीटीवर १५ ते २५६ केबी एवढीच फाइल चालते. मोबाईलने काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. तो लहान करा, पण शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे.

चुकीची योजना निवडणं

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्याहून जास्त उत्पन्न असलं की अनेक जण अर्जच करत नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे फ्रीशिप आहे. तिच्यात निर्वाह भत्ता मिळत नाही, पण फीचा भार उतरतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मर्यादा ८ लाखांची आहे, आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना तिचा लाभ मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही. एजंट प्रवेशाच्या वेळी "स्कॉलरशिप बसेल" म्हणून सांगतात, त्यांचं ऐकून लाखाची फी अंगावर घेऊ नका. कॅपने आलेले काही जणही फॉर्ममध्ये प्रवेशाचा प्रकार चुकीचा टाकतात आणि अलॉटमेंट लेटर जोडत नाहीत. त्यांचाही अर्ज परत येतो.

राहण्याच्या खर्चाची मदत वेगळी असते आणि ती मागावी लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. फीची शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे हेही आपोआप मिळेल, हा गैरसमज काढून टाका.

केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीच्या गुणांवर मिळणारी पीएम-यूएसपी योजना आहे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ती चालत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून बघू, असं करू नका. कोणती जास्त उपयोगाची ते आधी मांडा. फी मोठी असेल तर राज्याची प्रतिपूर्ती बहुतेकदा भारी पडते.

'मुलींना शिक्षण मोफत' याचा अर्थ

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. बातमी वाचून पालकांना वाटतं, एक रुपयाही लागणार नाही. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस यात येत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. आणि अर्ज तर करावाच लागतो. लेकीच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना हे आधी लिहून ठेवा.

सायबर कॅफेच्या नंबरवर प्रोफाइल

गावाकडे हे सर्रास घडतं. केंद्रवाला घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, पासवर्डही तोच ठरवतो. पुढच्या वर्षी दुकान बंद असतं आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या, पण मोबाईल आणि ईमेल तुमचाच हवा, युजरनेम-पासवर्ड तुमच्या वहीत हवा. आधारला जोडलेला जुना नंबर बंद झाला असेल तर तो सर्वांत आधी बदला.

दुसरं वर्ष

अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. नापास होऊन त्याच वर्गात बसलात तर त्या वर्षाची रक्कम मिळत नाही. हजेरीही मोजली जाते.

शिष्यवृत्ती लागू असूनही कॉलेज पूर्ण फी मागत असेल तर

आधी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलण्याचा नंतर काही उपयोग होत नाही. दाद मिळाली नाही तर योग्य कार्यालयात जा: अनुसूचित जातीसाठी समाज कल्याणचे जिल्ह्याचे सहायक आयुक्त, अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय, शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षणाचं विभागीय कार्यालय. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की महिना वाया जातो. जाताना अर्जाच्या क्रमांकाची प्रिंट, अलॉटमेंट लेटर, फीच्या पावत्या आणि प्राचार्यांना दिलेल्या अर्जाची पोच सोबत घ्या.

फीची रक्कम तुमच्या खात्यात आली तर ती कॉलेजात भरून लगेच पावती घ्या. घरात अडचण असली की त्या पैशाला हात लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण परीक्षेच्या हॉल तिकिटाच्या दिवशी थकबाकीदारांच्या यादीत तुमचं नाव निघालं, तर तेव्हा ती रक्कम एकदम उभी करणं आणखी अवघड जातं.