३१ मेच्या आधी: नगरपरिषदेचा आकृतिबंध आणि पुढची फळी

कोकणातल्या नगरपरिषदेने कर्मचाऱ्यांचे नियोजन पावसाच्या हिशेबाने करावे, आर्थिक वर्षाच्या नव्हे. शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लावली गेली, असे लोक बहुतेक प्रत्येक आस्थापनेवर असतात. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे रोजी. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे मुख्याधिकाऱ्यांचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा आणि बदल्या एप्रिल-मेमधल्या. राज्यसेवेतले अभियंते, लेखापालही त्याच हंगामात हलतात. नालेसफाई, धोकादायक इमारतींच्या नोटिसा आणि आपत्ती कक्षाच्या पाळ्याही त्याच पंधरवड्यात येतात. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडला धडकले. म्हणून खालचे सगळे काम, म्हणजे पदांची फेरमांडणी आणि जाणाऱ्यांच्या जागी पुढची माणसे तयार करणे, ऑक्टोबरात सुरू करून मार्चअखेर संपवायचे.

तक्ता पगारपत्रकावरून करू नका

पहिला कागद म्हणजे मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता. तो आस्थापना लिपिक पगारपत्रकावरून तयार करतो आणि तिथेच घोळ होतो. पगारपत्रकात माणसे असतात, पदे नसतात. शासनाने शेवटचा आकृतिबंध (कोणती पदे, किती, याचा आराखडा) मंजूर केलेला आदेश शोधा आणि त्यातल्या पदनामांवर आजची माणसे बसवा. जो बसत नाही त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

मग पदांचे दोन भाग करा. राज्यसेवेची पदे (स्थापत्य, पाणीपुरवठा, लेखा, कर निर्धारण, नगररचना, अग्निशमन, स्वच्छता निरीक्षक वगैरे) नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून भरली जातात. ती रिकामी असतील तर पाठपुरावा करता येतो, पण नगरपरिषद स्वतः भरू शकत नाही. लिपिक, शिपाई, व्हॉल्व्हमन, मुकादम, सफाई कामगार ही स्थानिक आस्थापना. खरी फेरमांडणी इथेच.

लांजा, देवरुख, गुहागर, दापोली, कुडाळ यांसारख्या ग्रामपंचायतीतून झालेल्या नगरपंचायतींना आणखी एक रकाना लागतो: जुन्या ग्रामपंचायतीचे कर्मचारी. त्यांचा नेमणुकीचा ठराव, हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि शैक्षणिक पात्रता यांच्या प्रती एका फायलीत नसतील तर त्यांना नगरपंचायतीच्या सेवेत घेण्याचा, म्हणजे समावेशनाचा, प्रस्ताव हमखास त्रुटी काढून परत येतो. ठराव सापडत नसेल तर त्या सालच्या लेखापरीक्षण अहवालात पगाराची नोंद शोधा, बहुधा मिळते.

काम मोजायचे, माणसे नंतर

‘आम्हाला माणसे कमी पडतात’ या वाक्याला मंत्रालयात किंमत नाही. मालमत्ता किती, नळजोडण्या किती, गटारे किती किलोमीटर, त्यातली बंदिस्त किती, घंटागाड्यांच्या फेऱ्या किती, हे आकडे द्यावे लागतात.

पंपगृहाचे उदाहरण घेऊ. चोवीस तास एक पंपचालक हवा, म्हणजे दिवसाला तीन पाळ्या, वर्षाला १,०९५. एक कर्मचारी वर्षाला किती पाळ्या देतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा, ३० अर्जित रजा आणि सणासुदीच्या २४ च्या आसपास सुट्ट्या वजा केल्या की उरतात २५१. १,०९५ भागिले २५१ म्हणजे ४.३६. सणाच्या सुट्ट्या दिल्याच नाहीत तरी भागाकार चारच्या जवळ येतो. आकृतिबंधात तीन पंपचालक लिहिले असतील तर चौथा माणूस कोणीतरी आहेच, फक्त तो कागदावर नाही. बहुधा एखादा सफाई कामगार किंवा रोजंदारीवरचा पोरगा. अग्निशमन केंद्र आणि जलशुद्धीकरण केंद्रालाही हेच गणित लावा.

गणपतीचा आठवडा सरासरीत धरू नका. त्या दिवसांत चाकरमान्यांमुळे पाण्याची मागणी आणि कचरा दोन्ही वाढतात आणि नेमके तेव्हाच आपल्याही कर्मचाऱ्यांच्या घरी गणपती असतो. दीड, पाच, सात दिवसांचे गणपती कोणाकडे किती, याची यादी करून रजा वाटून दिली तर भांडणे टळतात. ‘रजा बंद’ असा फतवा काढला की आजारपणाची प्रमाणपत्रे सुरू होतात.

कोणते पद काढावे, कोणते जोडावे

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. तरी नाका कारकून, नाकेदार ही पदे जुन्या आकृतिबंधांत अजून दिसतात. ती प्रस्तावात व्यपगत (रद्द) दाखवा आणि त्याबदल्यात जे पद हवे ते मागा. नुसतीच नवी पदे मागणारा प्रस्ताव वित्त विभागात अडतो, काही सोडून काही मागणारा पुढे सरकतो.

सफाई कामगारांच्या पदांना मात्र हात लावताना जपून. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार ही पदे वारसाहक्काने भरली जातात. पद घाईने व्यपगत दाखवले आणि वारसाचा अर्ज आधीच आवकला पडलेला असला, तर प्रकरण कोर्टात जाते. दुसरी अडचण सगळ्यांना ठाऊक असते पण लिहीत कोणी नाही: वारस शिकलेला असतो, नेमणूक सफाईची होते आणि दोन महिन्यांत तो टेबलाला बसतो. समजा कागदावर ४० कामगार आहेत आणि सकाळच्या हजेरीला रस्त्यावर २८ दिसतात, तर रस्ते घाण राहण्याचे कारण पदांची कमतरता नव्हे. पात्रता असलेल्यांना सेवाप्रवेश नियमांप्रमाणे रीतसर लिपिक पदावर पदोन्नती द्या आणि सफाईचे पद खरोखर मोकळे करा.

रोखपाल आणि लेखापाल एका माणसात कधीही जोडू नका. पैसे घेणारा आणि पुस्तक लिहिणारा एकच झाला की अपहार उघडकीला यायला वर्षे लागतात. बाकी जोडाजोडी चालते. वर्षभर पुरेसे काम नसलेला भांडारपाल मालमत्ता नोंदवही सांभाळू शकतो.

पद हलवले की त्याला चिकटलेल्या कायदेशीर जबाबदाऱ्याही हलवाव्या लागतात. माहिती अधिकारातला जनमाहिती अधिकारी आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातला पदनिर्देशित अधिकारी पदनामाने नेमलेले असतात. ते पदनामच उरले नाही तर अर्ज कोणाच्याच टेबलावर जात नाहीत आणि दंड मात्र कोणाच्या तरी पगारातून कापला जातो. माहिती अधिकारात तो दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत आहे. फेरमांडणीचा आदेश आणि नव्या नेमणुकीचा आदेश एकाच तारखेचे असावेत.

प्रस्ताव

सर्वसाधारण सभेचा ठराव, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका शाखा, मग संचालनालय आणि नगरविकास विभाग. सोबत तीन वर्षांच्या लेखापरीक्षित उत्पन्नाचे पत्रक लागते. त्यात घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी दाखवू नका, प्रत्यक्ष वसुली दाखवा. मागणीवर आधारलेले आस्थापना खर्चाचे प्रमाण कागदावर देखणे दिसते आणि पहिल्याच छाननीत पडते. खर्चात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे तर धराच, शिवाय अंशदान निवृत्तिवेतनातला नगरपरिषदेचा १४ टक्के हिस्सा आणि जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतनही.

पदसंख्या बदलली की बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची क्रमवार नोंद) नव्याने लिहून कोकण भवनातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. रायगडात गट क आणि ड साठी जिल्ह्याचे आरक्षण वेगळे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली नामावली तिकडे जशीच्या तशी उतरवली तर ती परत येते.

माणूस जाण्याआधी

आता पुढची फळी. पाच वर्षांची निवृत्ती यादी करा: नाव, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख (गट क पर्यंत ५८ वर्षे, गट ड ला ६०), त्याच्याकडची कामे आणि ती आज दुसऱ्या कोणाला येतात. शेवटचा रकाना कोरा राहिला तर ते नाव तांबड्या शाईने लिहा. वीस वर्षे सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो, म्हणून पन्नाशीच्या पुढचे सगळेच यादीत घ्या. निवृत्तिवेतनाचे प्रकरण दोन वर्षे आधी उघडायचे असतेच. त्याच दिवशी त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचाही आदेश काढा.

दरवर्षी १ जानेवारीची ज्येष्ठता सूची प्रसिद्ध करून हरकती मिटवा. ज्येष्ठता वादात असली की पदोन्नती समिती बसत नाही आणि पद ‘अतिरिक्त कार्यभारा’वर वर्षानुवर्षे चालते. आश्वासित प्रगती योजनेत १०, २०, ३० वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते, पण वरचे काम त्यासोबत येत नाही. म्हणून पगार अधीक्षकाच्या जवळ पोचलेला लिपिक जबाबदारी घ्यायला राजी नसतो. त्याला आधीपासून रजेच्या काळात सहीचे अधिकार देऊन तयार करा.

सगळ्यांत मोठे नुकसान मात्र अधिकारी गेल्याने होत नाही, व्हॉल्व्हमन गेल्याने होते. पाणी शीळ धरणाचे असो, धामापूर तलावाचे की पाळणेकोंडचे, कुठल्या वाडीला किती वाजता किती आटे उघडायचे हे एकाच माणसाच्या हाताला माहीत असते. एका व्हॉल्व्हला वहीचे एक पान द्या. पानावर हे हवे: दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर मीटरमध्ये (विजेच्या खांबाचा क्रमांक आणि एखाद्या घराचा चिऱ्याचा कोपरा), वाहिनीचा व्यास, पूर्ण उघडायला किती आटे, रोज किती आटे उघडतात, उलट आट्यांचा आहे का, आणि उघडल्यापासून शेवटच्या घरी पाणी यायला किती मिनिटे. झाडीखाली मोबाईलचे लोकेशन बऱ्याचदा काही मीटर चुकते, त्यावर विसंबू नका. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच होते. पावसात रान वाढले की चेंबरची झाकणे दिसत नाहीत.

वही झाली की महिनाभर नव्या माणसाने फिरवायचे आणि जुन्याने नुसते बघायचे. उलटे केले, म्हणजे जुना फिरवतो आणि नवा बघतो, तर महिन्याने नव्याला रस्ते पाठ होतात, आटे नाहीत.

आपत्ती कक्षालाही अशीच वही हवी. चिपळुणात पावसाइतकीच भरतीची वेळ आणि कोळकेवाडी धरणाचा विसर्ग महत्त्वाचा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ते कोणाला समजवावे लागत नाही. पण रात्री अडीचला कोणाला फोन करायचा, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी आधी पाणी चढते, बोट कोणाची आणि तिचे इंजिन कोण चालू करू शकतो, हे नावानिशी लिहिलेले हवे. पाळीच्या मुकादमाने ते पान मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष फिरून तपासावे.

चार्ज यादीत हमखास राहणाऱ्या गोष्टी

मुख्याधिकारी किंवा विभागप्रमुख बदलताना कार्यभार सोपवण्याच्या म्हणजे चार्ज यादीत कपाटे-खुर्च्या व्यवस्थित उतरतात. राहतात त्या गोष्टी वेगळ्याच. नगररचनेच्या टेबलावर नगररचना कायद्यातल्या कलम १२७ ची खरेदी सूचना (आरक्षित जमीन संपादन करा, अशी मालकाची नोटीस) पडलेली असते; २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षण जाते, मग बाग नाही की वाहनतळ नाही. प्रत्येक सूचनेची प्राप्ती तारीख आणि मुदत संपण्याची तारीख यादीच्या पहिल्याच पानावर लिहा. कोर्टातल्या दाव्यांच्या पुढच्या तारखाही तिथेच.

डिजिटल स्वाक्षरी जुन्या अधिकाऱ्याच्या नावावर राहिली तर निविदा उघडत नाही, देयके अडकतात. जन्म-मृत्यू नोंदणीचे लॉगिन निवृत्त लिपिकाच्या मोबाईल क्रमांकाला जोडलेले असते आणि ओटीपीसाठी त्याच्या घरी फोन जातो. बँकेतल्या सह्यांचे नमुने, निविदा संकेतस्थळ, लॉगिने यांची बदली कार्यमुक्तीच्या किमान दहा दिवस आधी सुरू करा.

चालू उपक्रमांचेही तसेच. वेंगुर्ल्याचा कचरा वर्गीकरणाचा प्रकल्प रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नावारूपाला आला. असे काम माणसाबरोबर जाऊ नये असे वाटत असेल तर गाड्यांच्या फेऱ्या, सुक्या कचऱ्याचे प्रकार, विक्रीचे दर आणि खरेदीदार हे सगळे मुकादमाच्या वहीत आणि सभेच्या ठरावात, दोन्हीकडे हवे.

निवृत्त माणसाला पुन्हा बोलवायची वेळ आलीच, तर ‘सल्लागार’ म्हणून मोघम आदेश काढू नका. काम, मुदत आणि तो कोणाला शिकवणार त्याचे नाव आदेशात घाला, आणि मानधनाचा शेवटचा हप्ता त्या शिकणाऱ्याने एकट्याने आठवडाभर काम करून दाखवल्यावरच द्या.